मिस्त्रीकाकांना विचारा: जुन्या जिप्सीला रेव्ह लिमिटर

प्रश्न: काका, नमस्कार. माझ्याकडे 1997 ची जिप्सी किंग आहे. 1.3 लिटर, आठ वॉल्वचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, डेल्को (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आणि एक साधी कॉइल. तूर निघाली की आम्ही चौघं मित्र मामाच्या पडीक वावरात रिंगण आखून गाड्या पळवतो. यंदा ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या मैदानातल्या वेळेच्या शर्यतीत) उतरायचा विचार आहे. मागच्या हंगामात धुऱ्यावरून गाडी उडाली तेव्हा बाहेरून बसवलेल्या आरपीएम मीटरचा काटा सात हजारांच्या पार गेला. तेव्हापासून टॅपेटचा आवाज वाढला आहे. रेव्ह लिमिटर, म्हणजे ठरलेल्या आरपीएमच्या वर ठिणगी तोडून इंजिनाला रोखणारी पेटी, आठशे रुपयांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत दिसतात. माझं बजेट चार-पाच हजार. कोणता घेऊ?
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, लिमिटरचं नंतर बोलू. आधी इंजिन थंड असताना टॅपेट कव्हर खोला आणि आठही टॅपेटचा, म्हणजे रॉकर आणि वॉल्वमधला, गॅप फिलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) मोजून बरोबर करा. गाडी थोडी चालवून पुन्हा मोजा. एकाच टॅपेटचा गॅप परत वाढलेला दिसला तर तिथला रॉकर, स्प्रिंग नाहीतर वॉल्व दुखावलाय असं समजा आणि चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन बघून घ्या. दुखावलेलं इंजिन लिमिटर लावल्यानं बरं होत नाही.

काटा सात हजारांपार का गेला? डांबरी रस्त्यावर तिसऱ्या गिअरात इंजिन तिथवर न्यायला वेळ लागतो. कानाला कळतं, पाय आपोआप उचलला जातो. धुऱ्यावरून चाकं हवेत गेली की इंजिनावरचा भार एका क्षणात नाहीसा होतो, ॲक्सिलेटर मात्र दाबलेलाच असतो. आपल्या काळ्या मातीत तर उडायचीही गरज नाही. वर भुसभुशीत थर असला आणि चाक त्यात एकदा मोकळं फिरलं की तेच होतं. कान आणि पाय दोन्ही उशिरा पोचतात. लिमिटर हवाच, हे तुमचं अगदी बरोबर.

तुमच्या इंजिनाचा बोर (सिलेंडरचा व्यास) 74 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची एका वेळची धाव) 75.5. सहा हजार आरपीएमला पिस्टन सरासरी सेकंदाला 15 मीटर पळतो, सात हजारांना साडेसतरा. फरक थोडाच वाटतो. पण पिस्टन वर पोचून उलटा फिरतो तेव्हा कनेक्टिंग रॉडवर पडणारी ओढ आरपीएमच्या वर्गानं वाढते, म्हणजे सहावरून सात हजारांवर गेलात की 36 टक्के जास्त. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टनला वरून दाबून धरणारा वायूही नसतो, त्यामुळे ही ओढ थेट रॉडच्या बोल्टांवर येते. वॉल्वचंही तसंच. जुनी स्प्रिंग ढिली पडली की वॉल्व कॅमची पाठ सोडून तरंगायला लागतो. तुमच्या टॅपेटच्या आवाजाची सुरुवात बहुतेक तिथेच झाली आहे.

आता खरेदी. आठशे रुपयांवाल्या पेट्या बहुतेक मोटरसायकलच्या सीडीआय इग्निशनसाठी असतात. सीडीआय कॉइलला तीनशे-चारशे व्होल्टचा झटका देतं. तुमची कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टवर भरते आणि करंट तुटला की ठिणगी देते. दोन्हींची जात वेगळी. एकीचा लिमिटर दुसरीला लावला तर तो चालणार नाही, जळायचीही शक्यता. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: "साध्या कॉइलच्या, डेल्कोवाल्या गाडीला चालतो का?" उत्तर देताना तो घुटमळला तर पुढच्या दुकानात चला.

दुसरं, आरपीएम डायलनं ठरवता येईल असाच घ्या. काही लिमिटरमध्ये प्रत्येक आकड्यासाठी वेगळी छोटी गोळी खोचावी लागते. ती वेगळी विकत घ्यायची, आणि वावरात हातातून पडली तर ढेकळांत सापडणार नाही.

तिसरं म्हणजे तोडण्याची पद्धत. काही लिमिटर सगळी ठिणगी एकदम बंद करतात, काही आलटूनपालटून एकेका सिलेंडरची. मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूचा आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत ठिणगी थांबली तरी पेट्रोल आत जातच राहतं. ते न जळता सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे फटाके फुटतात. पोरांना तो आवाज आवडतो. मला नाही आवडत, कारण तेच पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. लिमिटर कोणताही असो, त्याच्यावर गाडी रेटत बसू नका. तो लागला की गिअर बदला.

एमएसडीच्या 6एएलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वस्तू चांगली आहे, पण ती अख्खी इग्निशन पेटी आहे, लिमिटर हा तिचा एक भाग. नवी घ्यायची तर तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही. स्पीडुइनो नावाचा आर्डुइनोवर चालणारा, सगळ्यांना खुला असलेला ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आहे, त्यातही लिमिटर असतो. सोल्डरिंग आणि लॅपटॉप दोन्ही जमणारा मित्र असेल तर पुढच्या वर्षी बघा. काही जुन्या युरोपीय गाड्यांत डेल्कोतल्या फिरत्या रोटरमध्येच वजन आणि स्प्रिंग असायची. ठरलेल्या वेगाला वजन बाहेर सरकून ठिणगी प्लगऐवजी अर्थिंगला वळवायचं. तसला रोटर तुमच्या डेल्कोत बसणार नाही, उगाच शोधत फिरू नका. तुम्हाला साध्या कॉइलचा, डायलवाला, चार सिलेंडरचा लिमिटर पुरतो. तो चार-पाच हजारांत जमतो का, ते दुकानात विचारून बघा.

बसवताना पेटी बॉनेटखाली ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा 45 च्या वर जातो, बॉनेटखालचं तर विचारूच नका. केबिनमध्ये डॅशबोर्डखाली कसा, प्लगच्या वायरींपासून लांब. अर्थिंगची वायर रंगावर नको, पत्रा खरवडून घट्ट बोल्टला द्या. प्लगच्या वायरी तांब्याच्या तारेच्या असतील तर रेझिस्टन्सवाल्या घाला, नाहीतर त्यांच्या खरखरीनं लिमिटर नसलेले आरपीएम मोजतो आणि मध्येच ठिणगी तोडतो.

पहिल्यांदा डायल तीन हजारांवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन गरम, ॲक्सिलेटर हळूहळू वाढवा. मीटरवर तीन हजारांच्या आसपास इंजिन अडखळलं पाहिजे. नाही अडखळलं तर थांबा आणि वायरिंग तपासा. तुमचा मीटर बाहेरचा आहे, तोही खोटं बोलू शकतो. आरपीएम दाखवणारी टायमिंग लाइट ज्या गॅरेजात असेल तिथून तासभर मागून आणा आणि दोन्ही आकडे ताडून बघा. हे सगळं जुळल्यावर डायल सहा हजारांवर न्या. स्प्रिंगा जुन्या असेपर्यंत मी त्याच्या वर जाऊ देणार नाही. मित्र काहीही म्हणोत.

एक गोष्ट मात्र कोणताही लिमिटर करू शकत नाही, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. तिसऱ्यातून चौथा टाकताना घाईत दांडी डावीकडे गेली आणि दुसरा पडला, तर इंजिनाला चाकं फिरवतात, ठिणगी नाही. जिप्सीच्या गिअरबॉक्सचा दुसरा 1.947 आणि तिसरा 1.423. तिसऱ्यात सहा हजार असताना क्लच सोडलात की इंजिन आठ हजार दोनशेवर ओढलं जातं. ठिणगी पूर्ण बंद असली तरीही. गाडी उभी ठेवून तिसरा-चौथा शंभर वेळा टाकायचा सराव करा. गिअरच्या दांडीचा बुश झिजलेला असेल तर आधी तो बदला, लिमिटरच्या पैशातून बदलावा लागला तरी चालेल.

प्रश्न: माझी मारुती 800 जुनी, कार्ब्युरेटरची आहे. मित्राचा चार सिलेंडरचा लिमिटर पडून आहे. तो चालेल का?
एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर: चालेल, पण आकडा बदलून. या प्रश्नावर मी ओझं घेऊन बसलोय. 2009 साली एका ओळखीच्या पोराच्या 800 ला मी असाच लिमिटर लावला आणि डायल साडेसहा हजारांवर ठेवून दिला. पेटीवर सिलेंडरचं बटण 4, 6 आणि 8 एवढंच होतं. मी 4 वर ठेवलं आणि पुढे विचार केला नाही. दुसऱ्याच दिवशी रॉडचा बोल्ट तुटून ब्लॉकला भोक पडलं. त्याच्या वडिलांनी कापसाच्या पैशातून ते इंजिन बांधलं होतं.

हिशोब असा. लिमिटर ठिणग्या मोजतो. चार सिलेंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या, तुमच्या तीन सिलेंडरला दीड. साडेसहा हजार म्हणजे मिनिटाला तेरा हजार ठिणग्या, अशी पेटीची समजूत. तीन सिलेंडरच्या इंजिनात तेवढ्या ठिणग्या व्हायला साधारण 8,670 आरपीएम लागतात. म्हणजे लिमिटर असून नसल्यासारखा. तुम्हाला खरे सहा हजार हवे असतील तर डायल साडेचार हजारांवर ठेवा, तीन चतुर्थांश. आरपीएम मीटरही चार सिलेंडरचा असेल तर तोही तेवढाच कमी दाखवणार, तेव्हा त्याच्यावर ताडून बघू नका. आणि आलटूनपालटून तोडणारी पेटी तीन सिलेंडरवर नीट चालेलच असं धरू नका. वर सांगितल्याप्रमाणे कमी आकड्यावर आधी तपासा.

प्रश्न: डिझेल बोलेरोला लिमिटर बसतो का?
एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर: हा ठिणगीवाला नाही बसत, डिझेलमध्ये ठिणगीच नसते. जुन्या मेकॅनिकल पंपात गव्हर्नर असतो, तो ठरलेल्या वेगाला डिझेल कमी करतो. तुमच्या ट्रॅक्टरचा नांगर वर उचलल्यावर इंजिन बेफाम सुटत नाही, ते त्याच्यामुळेच. पंपावरच्या वेगाच्या स्क्रूला सील मारलेलं असतं. पिकअप वाढवून देतो म्हणून कोणी त्याला पाना लावायला आला तर लावू देऊ नका.