ई. कोलायकडून लायकोपीन बनवून घेता येतं का?

टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याचा लाल रंग, ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूकडून बनवून घेता येईल का, आणि पुण्यात एमएस्सीच्या एका सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये ते जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमतं. मी इथेच एमएस्सी करताना ते केलंय.

ई. कोलायला हा रंग नसतो, पण कच्चा माल त्याच्याकडे असतोच. पंधरा कार्बनचं एफपीपी (फार्नेसिल पायरोफॉस्फेट, रंगाच्या वाटेवरचा आधीचा रेणू) तो स्वतःच्या गरजेपुरतं बनवतो. तिथून पुढची तीन जनुकं बाहेरून द्यायची: सीआरटी-ई, बी आणि आय. ती पँटोइया अननॅटिस या पिवळ्या जिवाणूची घ्या. त्यांचं काम जपानी संशोधकांनी 1990 मध्ये ई. कोलायमध्येच उलगडून दाखवलं होतं. ई एफपीपीपासून वीस कार्बनचा जीजीपीपी हा रेणू करतं, बी तसे दोन रेणू जोडून फायटोईन करतं. फायटोईनला रंग नाही, त्यात सलग एकाआड एक दुहेरी बंध फक्त तीन. आयने ते अकरावर नेले की लाल लायकोपीन. वाय हे चौथं जनुक जोडलंत तर बीटा-कॅरोटीन.

खरी अडचण पुढे येते. एफपीपी पेशीला ऊर्जानिर्मितीत लागणाऱ्या युबिक्विनोनसाठी आणि पेशीभित्तिका बांधण्यासाठीही लागतं. ते सगळं रंगाकडे वळवलं की पेशी उपाशी पडते. शिवाय लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, पेशीच्या पटलात साठतं, आणि तिथे जागा किती असणार! मी पहिल्यांदा जोरदार प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा), भरपूर आयपीटीजी (त्या प्रमोटरला चालना देणारं रसायन) आणि 37 अंश असं केलं. वसाहती बारीक आणि फिकट आल्या, तीन आठवडे गेले. आयपीटीजी कमी करून 30 अंशांवर दोन दिवस वाढवल्या, तेव्हा सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाशी लालभडक गोळा बसला. तो क्षण मी विसरणार नाही. उत्पन्न वाढवायचं असेल तर एफपीपीकडे जाणाऱ्या वाटेच्या सुरुवातीच्या पायरीचं जे डीएक्सएस जनुक, त्याची जादा प्रत द्या, म्हणजे कच्चा मालही वाढतो.

अ‍ॅसिटोनने अर्क काढताना नळ्यांना फॉइल गुंडाळा, उजेडात रंग उडतो. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी सुरुवातीलाच घ्या.

आणि अहवालात ‘अँटिऑक्सिडंट म्हणून आरोग्याला उत्तम’ असं कृपा करून लिहू नका. लायकोपीन परीक्षानळीत सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप) शमवतं, तेवढंच लिहा. बीटा-कॅरोटीन हेही अँटिऑक्सिडंटच. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं होतं. 1994 च्या निष्कर्षांत त्यांच्यात ते न घेणाऱ्यांपेक्षा फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला.