पुस्तक चाळून ठेवणारी मुले

प्रश्न : कळव्यातील आमच्या चाळीच्या समाजमंदिरात आम्ही काही महिलांनी गेल्या वर्षी मुलांसाठी मोफत वाचनालय सुरू केले. सुमारे ३०० पुस्तके जमली आहेत आणि रोज संध्याकाळी पंचवीस-तीस मुले येतात. परंतु बहुतेक मुले पुस्तक चाळतात, चित्रे पाहतात आणि परत ठेवून देतात. प्रत्येक पुस्तकाचा सारांश मुलांकडून लिहून घ्यावा आणि पुस्तक फाटल्यास दंड घ्यावा, असे काही पालक सुचवतात. आपले मत काय?
— एक वाचिका, कळवा

उत्तर : शिकवणी, मैदान आणि मोबाइल सोडून इतकी मुले रोज आपण होऊन येतात, ही लहान गोष्ट नव्हे. चाळणे म्हणजे न वाचणे, असे कृपया समजू नका. मूल मुखपृष्ठ पाहते, चित्रांवरून गोष्टीचा अंदाज बांधते, एवढी अक्षरे आपल्याला झेपतील का हे पाहते आणि मग ठरवते. दिवाळी अंक हाती आल्यावर आपणही निराळे काय करतो?

सारांशाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. शेवटी लिहावे लागणार हे कळले की मूल सर्वांत पातळ पुस्तक उचलते आणि ज्याला लिहिणे जड जाते, ते येणेच थांबवते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, ही दोन सूत्रे आहेत. कपाटात दाटीवाटीने उभ्या असलेल्या पुस्तकांचे केवळ कणे दिसतात आणि कण्यावरची बारीक अक्षरे आठ वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाहीत. भिंतीला मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दोरी बांधा, दहा-बारा पातळ पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी तिच्यावर अडकवा आणि दर आठवड्याला ती बदला. दोरीवरची पुस्तके आधी घरी जातात, असा माझा अनुभव आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे रोज पंधरा मिनिटे एखाद्या ताईने मोठ्याने वाचून दाखवावे. मुलाला स्वतः वाचता येते त्यापेक्षा ऐकून कितीतरी अधिक समजते. कानावरून गेलेला शब्द पुढे छापील रूपात भेटला की त्यातले जोडाक्षरही मूल फारसे न अडखळता ओलांडते. ज्यांच्या घरी हिंदी, कन्नड किंवा भोजपुरी बोलली जाते, त्या मुलांसाठी तर मराठी पुस्तकात शिरण्याची हीच वाट असते. ठाण्यातल्याच एका वस्तीत मी पाहिलेली मुलगी सात-आठ वर्षांची असेल. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट फिरवत ती त्याला वाचून दाखवत होती आणि तिचे वाक्य संपायच्या आतच तो पान उलटत होता, कारण पुढे काय येणार हे त्याला पाठ झाले होते. त्या पुस्तकाचे कोपरे झिजून गोल झाले होते आणि कण्यावर चिकटपट्टीचे तीन थर होते. असे पुस्तक फाटले तर दंड कोणाला करायचा? ज्या घराला दंड परवडत नाही, त्या घरचे मूल दंडाच्या भीतीनेच पुस्तक नेणार नाही. त्यापेक्षा शनिवारी डिंक, कात्री आणि जुने कागद घेऊन मुलांनाच पुस्तके दुरुस्त करायला बसवा.

देवघेवीची नोंदवहीही मोठ्या मुलांकडे सोपवा. सुट्टीत खाडीपूल ओलांडून त्यांना १८९३ पासून चालत आलेले ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय दाखवून आणा. आपण ठेवतो तसली नोंदवही किती वर्षे चालू राहू शकते, हे त्यांना प्रत्यक्ष कळेल.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. सोसायटीच्या वाचनालयातून ती इंग्रजी पुस्तके आणते; मराठी सावकाश वाचावे लागते म्हणून तिला संकोच वाटतो.
— एक पालक, ऐरोली

उत्तर : तिची इंग्रजी पुस्तके बंद करू नका, वाचनाची गोडी तिला तिथूनच लागली आहे. मराठीसाठी वयाच्या मानाने सोपे आणि छोटे काही निवडा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यातील कविता, कोडी आणि दोन-तीन पानांच्या गोष्टी एका बैठकीत संपतात. संकोच राहतो तो ऐकणाऱ्यामुळे. म्हणून सुरुवातीला तिने घरातील आजीला किंवा वाचनालयातील लहान मुलांना वाचून दाखवावे आणि ती अडखळली तरी तुम्ही शेजारच्या खोलीतून उच्चार सुधारू नयेत.