ती उशी मी तुला देणार नाही

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, रविवार सकाळ

प्रिय मुली,

दिवाळीच्या फराळाला आली होतीस तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, ‘बाळाच्या सगळ्याच वस्तू विकत घेत बसू नकोस, माझ्याकडे दूध पाजायची उशी आहे, अगदी नव्यासारखी.’ 2005 साली घेतलेली ती अर्धचंद्राकार उशी आमच्या मराठी मंडळातल्या पाच घरांत फिरली, पाच बाळं तिच्यावर पोसली आणि ती परत माझ्या गॅरेजात येऊन पडली. काल तुझ्यासाठी धुवायला काढली, तर शिवणीत अडकलेलं पांढरं लेबल दिसलं. कॅलिफोर्निया, टेक्निकल बुलेटिन 117. म्हणजे फोम पटकन पेटू नये यासाठीचा इथला नियम, आणि त्यापायी फोममध्ये घातलेलं रसायन. ज्या बाईने आयुष्यातली अकरा वर्षं याच नियमाखाली फोम तपासला, तिने घरातल्या उशीचं लेबल एकदाही वाचलं नव्हतं. म्हणून शब्द मागे घेते. राग मानू नकोस.

मी या देशात आले ती मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेतून पॉलिमर शिकून, आणि पहिली नोकरी लागली ती गाद्या-कुशनच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. काम सोपं होतं. फोमची पट्टी उभी टांगायची, खालून बर्नरची ज्योत 12 सेकंद धरायची, काढायची, आणि पट्टी किती इंच करपली ते मोजायचं. साधा पॉलियुरेथेन फोम खनिज तेलातूनच जन्मलेला, त्यामुळे तो भडाभडा पेटतो. या परीक्षेत पास व्हायचं तर त्यात ज्वालारोधक रसायन घालावंच लागे, बहुतेक वेळा क्लोरीन किंवा ब्रोमीनवालं. नियम 1975 चा, फक्त कॅलिफोर्नियाचा. पण एका राज्यासाठी वेगळा माल कोण बनवणार? म्हणून तोच फोम देशभर गेला. मी ‘पास’ असा शिक्का मारायचे आणि लोकांचे जीव वाचवतोय असं वाटून घरी यायचे.

खरी आग अशी लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आग आधी वरच्या कापडाला लागते. कापड पेटून ज्योत आत फोमपर्यंत पोचते तेव्हा ती बर्नरएवढी इवलीशी राहिलेली नसते, आणि त्या आगीपुढे ते रसायन फारसं टिकत नाही. धूर आणि काजळी मात्र वाढवतं. दुसरी गोष्ट मला कळायला हवी होती, कारण ती माझ्याच विषयातली होती. हे रसायन फोमला बांधलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. कणकेत मुरलेल्या मिठासारखं नव्हे, चिवड्यावर भुरभुरलेल्या पिठीसाखरेसारखं. डबा हलला की ती तळाशी. फोममधून ते वर्षानुवर्षं सुटत राहतं, घरातल्या धुळीत बसतं, आणि त्या घरात जमिनीवर रांगणारं, दर मिनिटाला हात तोंडात घालणारं माणूस एकच असतं. 2014 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी आया आणि त्यांच्या लहान मुलांची लघवी तपासली, तेव्हा यातल्या एका रसायनाची खूण मुलांमध्ये आयांच्या जवळपास पाचपट सापडली. घर तेच, हवा तीच.

या रसायनाचा जुना इतिहासही ऐकून ठेव. सत्तरच्या दशकात इथे मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत ‘ट्रिस’ नावाचं ब्रोमीनवालं रसायन घालत. 1977 मध्ये अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी लिहिलं की हे जनुकांत बदल घडवतं आणि त्याने कर्करोग होऊ शकतो. त्याच वर्षी ते कपड्यांतून हद्दपार झालं. (ही ब्लम म्हणजे पुढच्याच वर्षी बायकांची तुकडी घेऊन अन्नपूर्णेवर गेलेली गिर्यारोहक. मला तिचं भारी कौतुक.) मग त्याच्या जागी आला त्याचा चुलतभाऊ, क्लोरीनवाला ट्रिस. तोही कपड्यांतून गेला, पण सोफ्यांत आणि बाळांच्या फोममध्ये बिनधास्त राहिला. 2011 मध्ये ड्यूकच्या हेदर स्टेपल्टन यांच्या गटाने बाळांच्या 101 वस्तू कापून फोम तपासला. 80 टक्के वस्तूंमध्ये ज्वालारोधक रसायनं निघाली, आणि सगळ्यांत जास्त वेळा सापडला तो हाच चुलतभाऊ. सरासरी प्रमाण फोमच्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास. त्या वस्तूंत दूध पाजायच्या उशाही होत्या. माझी उशी अशी.

आता तुझ्या कामाचं. घाबरून इंटरनेटवर रात्र जागवू नकोस. कुठल्याही वस्तूला दोनच प्रश्न विचार: आत फोम आहे का, आणि ती बनली कधी? फोम नसेल तर या बाबतीतली निम्मी चिंता तिथेच संपते. लाकडी पाळणा, सुती चादर, जाळीचं कापड यांत हा घोळ सहसा नाही. उशीत नुसता पॉलिएस्टरचा धागाकापूस असेल तरी चालेल. फोम असेल तर तारीख बघ. 2010 मध्ये कॅलिफोर्नियाने बाबागाड्या, बाळ अंगावर बांधायच्या झोळ्या आणि दूध पाजायच्या उशा त्या परीक्षेतून वगळल्या. 2014 पासून बर्नरची परीक्षाच गेली, तिच्या जागी धुमसत्या सिगारेटने वरचं कापड तपासणारी आली, आणि ती रसायनांशिवायही पार करता येते. 1 जानेवारी 2020 पासून तर कॅलिफोर्नियात घरातल्या बाळ-वस्तूंच्या फोममध्ये अशी रसायनं 0.1 टक्क्याहून जास्त चालत नाहीत. थोडक्यात, नवी वस्तू घेतलीस तर कायदा बऱ्यापैकी तुझ्या बाजूने आहे. धोका आहे तो आपल्या प्रेमळ मावश्यांच्या गॅरेजातून येणाऱ्या मालाचा. ‘वापरलेलं आहे पण छान आहे’ म्हणून कोणी फोमची जुनी गादी, जुना चेंजिंग पॅड घेऊन आली, तर तोंडभरून आभार मान आणि लेबलावरचं वर्ष वाच. कपडे, खेळणी, पुस्तकं खुशाल घे.

बाळाला घेऊन बसायच्या डुलत्या खुर्चीला ही युक्ती लागू होते. 2015 पासून इथल्या गादीवाल्या फर्निचरच्या लेबलावर दोन ओळी असतात, एक ‘ज्वालारोधक रसायनं घातली आहेत’ अशी आणि एक ‘घातलेली नाहीत’ अशी, आणि एकीपुढे फुली. दुकानात खुर्ची उलटी करून बघ, लाजू नकोस. मी बाईमाणूस असून दुकानात सोफे उलटे केलेत. ‘ऑरगॅनिक’ हा शब्द मात्र बघून विरघळू नकोस. तो बहुधा कव्हरच्या सुताबद्दल असतो, आतल्या फोमबद्दल नाही. ‘ग्रीनगार्ड’चं चिन्हही हवेत काय सुटतं ते मोजतं, ज्वालारोधक रसायन नाहीच अशी हमी देत नाही.

आता कार सीट, कारण तू फोनवर तिच्याबद्दलच विचारलं होतंस. इथे कायदा वेगळा आहे. गाडीच्या आतल्या सगळ्याच सामानाला 1972 पासूनचा केंद्राचा नियम लागतो, की जळण्याचा वेग मिनिटाला चार इंचांपेक्षा जास्त नसावा. कॅलिफोर्नियाची 2020 ची बंदी कार सीटला लागू नाही. म्हणून बऱ्याच सीट्समध्ये काही ना काही घातलेलं असतं. काही कंपन्या मेरिनो लोकरीचं कापड लावून, काही विणीची युक्ती करून रसायनाशिवाय तो नियम पार करतात. लोकर मुळात सहज पेटत नाही. ती सीट परवडली तर जरूर घे. नाही परवडली तर साधी घे, आणि त्याचा अपराधीपणा बाळगू नकोस. सीटशिवाय बाळाला मांडीवर घेऊन एक सिग्नलसुद्धा ओलांडायचा नाही, या बाबतीत माझ्याशी वाद घालायचा नाही. जुनी सीट तर माझ्याकडूनही नको. तिला अपघाताचा मार बसलाय का ते डोळ्यांनी दिसत नाही. आणखी एक. आपल्याकडे सीट घरात आणून तिचाच झोपाळा करतात, बाळ दोन-दोन तास त्यात झोपतं. ते टाळ. मान पुढे पडून श्वासाला त्रास होतो म्हणून तर टाळच, शिवाय उन्हात तापलेल्या त्या फोमशी बाळाचा सहवास प्रवासापुरताच असू दे.

तुझी आई मार्चमध्ये सांगलीहून येतेय म्हणालीस. दुपटी, टोपडी, झबली, गोधडी भरभरून आणू देत. घरी शिवलेल्या सुतात यातलं काही नाही. गोधडी पाळण्यात घालू नका, जमिनीवर अंथरा, वर्षभर बाळाच्या झोपेत कुठलंही मऊ पांघरूण नको. झबली पहिले महिने उत्तमच. नऊ महिन्यांच्या पुढच्या रात्रीच्या कपड्यांवर इथे पिवळा कागद लटकत असतो, ‘अंगाला घट्ट बसला पाहिजे, हा कपडा ज्वालारोधक नाही’ असा. तो कागद वाचून बायका घाबरतात आणि परत ठेवतात. उलट आहे ते! तो कागद म्हणजे कपड्यात रसायन घातलेलं नाही, घट्टपणावर भागवलंय. तोच घे, योग्य मापाचा.

आईला एक गोष्ट मात्र तुलाच सांगावी लागेल, मी सांगितली तर रुसेल. न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची नाही. मी बिन-रसायनाचं घर सांगते म्हणजे आगीशी खेळायला सांगत नाही. निखारा आणि सैल सुती झबलं ही जोडी ज्या फोमला मी 12 सेकंद जाळायचे त्याच्यापेक्षा वाईट. बाळाच्या खोलीतल्या धुराच्या भोंग्याची बॅटरी या आठवड्यात बदल.

बाकी रोजचं. झाडूने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, चांगल्या गाळणीचा व्हॅक्यूम असेल तर उत्तम. बाळ रांगायला लागलं की खाण्याआधी त्याचे हात धुवायचे, तुझेही. तुमच्या हॉलमधला तो जुना तपकिरी सोफा, ज्याचं कुशन फाटून आतला पिवळा फोम दिसतो, त्यावर कव्हर शिवून घे किंवा काढून टाका. तुझ्या नवऱ्याला तो फार प्रिय आहे, मला माहीत आहे.

माझी उशी मी काल कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकली, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. फोम बोटांत चुरला, हात तीन वेळा धुतले. तुला पाजण्यासाठी नवी उशी शिवायला घेतलीय, आत धागाकापूस, वर माझ्या जुन्या इरकलीचं कापड. ती फक्त पाजताना वापरायची, बाळाला तिच्यावर झोपू द्यायचं नाही. शनिवारी आणते. तेव्हा कार सीटचं मॅन्युअल काढून ठेव, आणि चहाला आलं घालून ठेव.

तुझी,
मावशी