सेकंडहँड मिनीव्हॅनच्या ट्रान्समिशनला गाडीच्या किमतीइतका खर्च सांगताहेत. दुरुस्त करू की काढून टाकू?

तुमची अडचण मला समजली ती अशी: २०१२ ची मिनीव्हॅन, सेकंडहँड घेतलेली, १ लाख ३४ हजार मैल झालेली. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना इंजिन नुसतंच ओरडतं, गाडी ओढत नाही. गॅरेजने ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी गिअरची यंत्रणा, बदलायचे ४,८०० डॉलर सांगितलेत, धडधाकट असती तरी गाडीचे साडेपाच हजारांच्या वर आले नसते, आणि पुढच्या महिन्यात आईबाबा भारतातून येताहेत.

मी न्यू जर्सीत राहतो. अशाच एका गाडीपायी या प्रसंगातून दोनदा गेलोय. पहिल्यांदा सहाशे डॉलरवर भागलं, दुसऱ्यांदा घाई नडली.

सगळ्यात आधी गाडी चालवणं थांबवा. कामाला जायला, मुलांना सोडायलासुद्धा नको. ऑटोमॅटिक गाडीत क्लच आपल्या पायाखाली नसतो. ट्रान्समिशनच्या पोटात क्लचच्या चकत्यांचे गठ्ठे असतात आणि ऑईलचा दाब त्यांना आवळून धरतो. ते ऑईल कधी कुठे सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो आणि सोलेनॉइड नावाचे छोटे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह ते काम करतात. एखादा सोलेनॉइड अडकला की दाब पुरत नाही, चकत्या घसरतात आणि तुम्ही लिहिलंय अगदी तसं होतं. म्हणजे मूळ बिघाड काही शे डॉलरचा असू शकतो. पण तशीच गाडी दामटत राहिलात तर घसरून घसरून चकत्या खरंच जळतात, आणि मग ४,८०० चा आकडा खरा ठरतो.

आता गॅरेजवाल्याला विचारा, हा आकडा कशावरून काढला? स्कॅनर लावला असेल तर कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे क्रमांक, लिहून मागा. पी०७०० एवढंच सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही. 'ट्रान्समिशनच्या यंत्रणेत काहीतरी बिघडलंय' इतकंच तो कोड सांगतो, खरी तक्रार त्याच्यासोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असते. पी०७५० आणि त्याच्या पुढचे कोड बहुतेक शिफ्ट सोलेनॉइडचे. पी०७४०, पी०७४१ हे टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिन आणि ट्रान्समिशन जोडणाऱ्या भागाच्या, क्लचचे. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, आत काहीतरी घसरतंय. तो काळजी करण्यासारखा आहे, पण नुसतं ऑईल कमी असलं तरी येऊ शकतो.

मग ऑईल बघायला सांगा. चांगलं ऑईल लालसर आणि पारदर्शक असतं. काळपट तपकिरी आणि करपल्याचा वास म्हणजे चकत्या जळल्यात. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधून कूलंट आत शिरलंय, आणि त्यातून ट्रान्समिशन वाचणं अवघड. खालचा पॅन काढला की त्यातल्या चुंबकावर राखाडी मळी दिसेल. ती थोडी असणारच, घाबरू नका. चमकणारे कीस किंवा तुकडे दिसले तर मात्र आशा सोडायची.

आधीच्या मालकाने कुठलं ऑईल घातलं होतं हे कळलं तर फार बरं. क्रायस्लरच्या त्या काळातल्या मिनीव्हॅनना एटीएफ प्लस फोर लागतं, होंडाला डीडब्ल्यू-१, टोयोटाला डब्ल्यूएस. 'सगळ्या गाड्यांना चालतं' म्हणून दुसरंच ओतणारी गॅरेजं आहेत, आणि त्याने गिअर बदलताना धक्के बसायला लागतात.

माझ्या गाडीला १ लाख १२ हजार मैलांवर तुमच्यासारखाच त्रास सुरू झाला होता. पहिल्या गॅरेजने गाडी वर न उचलताच 'नवीन ट्रान्समिशन' सांगितलं. शेजारच्या काकांनी बजावलं, फक्त ट्रान्समिशनचंच काम करणाऱ्याकडे ने. तिथे तपासणीचे १४० डॉलर घेतले, दाब मोजला, आणि एक सोलेनॉइड अडकलेला निघाला. सोलेनॉइडचा संच, फिल्टर आणि ऑईल मिळून ६२० डॉलर. गाडी पुढे दोन वर्षं विनातक्रार चालली. म्हणून सांगतो, दीडशे डॉलर जातील ते जाऊ द्या, पण दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

दोन वर्षांनी मात्र ते खरंच गेलं. रिव्हर्स लागेना, पॅनमध्ये कीस सापडला. तेव्हा समोर तीन वाटा होत्या, त्याच तुमच्याही समोर येतील. आहे तेच उघडून रीबिल्ट करून घेणं, कारखान्यात नव्याने बांधलेलं रीमॅन्युफॅक्चर्ड बसवणं, किंवा जंकयार्डमधून अपघातातल्या गाडीचं जुनं आणणं. आईबाबांची तिकिटं काढून झाली होती, म्हणून मी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर होणारी वाट धरली. जंकयार्डचं ट्रान्समिशन, मजुरीसकट २,३५० डॉलर.

चार महिन्यांनी गार्डन स्टेट पार्कवे या इथल्या महामार्गावर गाडीने ओढणं सोडलं. आई-बाबा मधल्या सीटवर, लेक मागे, आणि बाजूने ट्रक सुसाट जाताहेत. आईने माझा खांदा घट्ट धरला होता. टो ट्रक यायला सव्वा तास लागला. पैशांपेक्षा तो सव्वा तास मला आजही जास्त बोचतो.

कारण नंतर कळलं. ट्रान्समिशनचं ऑईल थंड करायला एक कूलर असतो, त्याला जाणाऱ्या नळ्या असतात. जुनं ट्रान्समिशन मरताना त्याचा कीस या कूलरमध्ये जाऊन बसतो. माझ्या गाडीत कूलर आणि नळ्या जुन्याच ठेवल्या होत्या, आणि तोच कीस 'नव्या' ट्रान्समिशनमध्ये फिरत राहिला. जंकयार्डची वॉरंटी ९० दिवसांची, तीही फक्त वस्तूची, मजुरीची नव्हे. ते ९० दिवस उलटून गेले होते. तेव्हा कुठलीही वाट धरा, कूलर नवा टाकणार की नाही हे एस्टिमेटवर लिहून घ्या, आणि वॉरंटीत मजुरी धरली आहे का हेही. चांगल्या रीमॅन्युफॅक्चर्डवर तीन वर्षांची वॉरंटी मिळते, तिच्यासाठी मी आज हजार-दीड हजार डॉलर आनंदाने जास्त देईन. जुनं ट्रान्समिशन परत केल्यावर मिळणारी कोअरची रक्कम आकड्यात धरली आहे का, तेही विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न, साडेपाच हजारांच्या गाडीत ४,८०० घालावेत का. मला वाटतं ही तुलनाच चुकतेय. तुमची गाडी आज साडेपाच हजारांची नाही. गिअर न पडणाऱ्या मिनीव्हॅनचे हजार-बाराशे आले तरी खूप. म्हणजे एकीकडे ४,८०० घालून तुमच्या माहितीतली, नव्या ट्रान्समिशनची गाडी. दुसरीकडे तेच ४,८०० आणि हे बाराशे मिळून सहा हजारांत कुणीतरी विकायला काढलेली दुसरी जुनी मिनीव्हॅन, जिचं ट्रान्समिशन तितकंच म्हातारं आहे. असं मांडलं की बऱ्याचदा दुरुस्तीच परवडते.

पण बाकीची गाडी धड असेल तरच. त्याच मेकॅनिकला खालचा गंज, सस्पेन्शन, एसीचा कॉम्प्रेसर आणि सरकत्या दारांच्या मोटारी बघायला सांगा. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल तर तो बदललाय का? बदलला नसेल तर आणखी हजारभर डॉलर धरा. खालून गंज चढलेला असेल तर मी एक डॉलरही घालणार नाही. आणि आधीच्या दुरुस्त्यांवर किती घातले ते या हिशोबात आणू नका. मी ते आणलं होतं, म्हणून पार्कवेनंतरही आणखी ९०० डॉलर घालून बसलो.

राज्य कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. गाडी नुकतीच न्यू जर्सीतल्या डीलरकडून घेतली असती तर, सात वर्षांपर्यंतच्या आणि १ लाख मैलांच्या आतल्या गाडीला इथल्या कायद्याने थोड्या दिवसांची वॉरंटी मिळते आणि तीत ट्रान्समिशन येतं. तुमची गाडी त्यात बसत नाही, पण दुसरी घ्यायची वेळ आली तर लक्षात असू द्या. एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर गाडीचा व्हिन, म्हणजे १७ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक, टाकून रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) आहे का तेही आजच बघा. रिकॉलचं काम दुसऱ्या मालकालाही फुकट करून देतात.

आईबाबांसाठी म्हणून मात्र घाई करू नका. माझ्या बाबांचे गुडघे दुखतात. मिनीव्हॅनच्या उंच सीटवर ते वाकल्याशिवाय बसायचे, सरकतं दार त्यांना फार आवडायचं, म्हणून तुमचा जीव का अडकलाय ते मला कळतं. विमानतळावरून आणायला आणि पहिल्या शनिवार-रविवारी भाड्याने मिनीव्हॅन घ्या. तेवढ्या दिवसांत दुसऱ्या मेकॅनिकचा अहवाल हातात येईल.

कोड आणि ऑईलचा रंग कळला की इथेच खाली लिहा, राज्य आणि गाडीचं मॉडेलही. मी रोज संध्याकाळी बघतो.