केनेलमधल्या कुत्र्यांना ग्रीक-रोमन पुराणातली नावं द्यावीत का? कशी निवडायची?

जरूर द्या, फक्त दोन-तीन अक्षरांत हाक संपेल अशीच निवडा: जूनो, हेक्टर, डायना. झेनोफन या ग्रीक लेखकाने इ.स.पू. चौथ्या शतकात शिकारी कुत्र्यांबद्दल हेच लिहून ठेवलंय, की नाव आखूड असावं, म्हणजे हाक मारायला सोपं जातं. मला स्वतःला देवांपेक्षा पुराणातल्या कुत्र्यांचीच नावं जास्त भावतात. लेलाप्स ज्याच्या मागे लागेल त्याला पकडणारच. आणि आर्गोस! २० वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात परतलेल्या आपल्या मालकाला, ग्रीक वीर ओडिसियसला, त्याने पाहताक्षणी ओळखलं, शेपटी हलवली, कान पाडले. मात्र जूनो, प्लूटो आणि अपोलो एकाच केनेलमध्ये नकोत. शेवट सारखा असला की एकाला हाक मारल्यावर तिघेही धावत येतात.