३५ मिमीची लेन्स आणि १४ लाखांच्या पावत्या

पत्र थोडक्यात असं. खानापूर तालुक्यातले वाचक, वय ४१, स्वतःचा फोटो स्टुडिओ, मुख्यतः लग्नाची कामं. वर्षाची सरासरी काढली तर महिना ६५ हजार पडतात, घरखर्च ४० हजार. पत्नी, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा. काकांकडून लायका एम३ हा जुना फिल्म कॅमेरा आणि त्यावरची ५० मिमी एफ/२ समीक्रॉन लेन्स मिळाली आहे. आता मुंबईच्या एका डीलरकडची जुनी ३५ मिमी एफ/१.४ समिलक्स घ्यायची आहे, भाव २ लाख ३० हजार. बेळगावात सोसायटीत १४ लाखांच्या ठेवी आहेत, ११ टक्के व्याज मिळतं. त्या ठेवींवर १३ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज मिळतंय. 'ठेव मोडू, की कर्ज काढू? लेन्सचा भाव दर वर्षी दहा टक्के वाढतो, त्यामुळे ही गुंतवणूकच आहे ना?' असा प्रश्न. सोबत ठेव पावत्यांचे आणि एका विमा पॉलिसीचे फोटो.

प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. ठेव मोडा, कर्ज काढू नका, आणि त्या पैशातून ही लेन्स घेऊ नका. २.३० लाखांना १३ टक्क्यांनी महिना पावणेआठ हजारांचा हप्ता बसतो, तीन वर्षांत व्याज सुमारे ४९ हजार. पण खरी काळजी लेन्सची नाही, पावत्यांची आहे.

तुम्ही पत्रात चार वेळा 'बँक' लिहिलंय. पावतीचा फोटो मोठा करून बघा. वर कानडीत 'सौहार्द सहकारी नियमित' असं छापलंय, आणि खाली डाव्या कोपऱ्यात तुमचा सभासद क्रमांक आहे. ठेव ठेवताना ५०० रुपयांचा शेअर घ्यायला लावला, असं तुम्हीच लिहिता. क्रेडिट सोसायटीला सभासदाकडूनच ठेव घेता येते, म्हणून तो शेअर. बँकेत एफडी करायला कोणी सभासद व्हायला सांगत नाही. तुमची सोसायटी कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा, १९९७ खाली नोंदलेली आहे. तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचं लायसन्स नाही आणि तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमाही नाही. तो विमा लायसन्स असलेल्या बँकांच्या ठेवींना असतो, सहकारी बँकांच्यासुद्धा. फेब्रुवारी २०२० पासून दर बँकेत, दर ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत. सोसायटीच्या ठेवीला शून्य. कार्यालयात एसी आहे, संचालक ओळखीचे आहेत, गणपतीला त्यांची मोठी वर्गणी असते, यातलं काहीही विमा नव्हे.

ही सोसायटी बुडणार आहे असं मी म्हणत नाही. तिचा ताळेबंद माझ्यासमोर नाही, आणि तुम्हीही तो कधी मागितलेला नाही. पण हिशेब बघा. बँकेत सात टक्के धरले तर तुम्हाला इथे चार टक्के जास्त मिळतात. १४ लाखांवर ते वर्षाला ५६ हजार. या ५६ हजारांसाठी तुम्ही १४ लाख पणाला लावलेत. वरच्या व्याजाची बेरीज मुद्दलाएवढी व्हायला २५ वर्षं लागतील, म्हणजे २५ वर्षं ही सोसायटी सुरळीत चालली तर कुठे बरोबरी. ११ टक्के देणाऱ्या सोसायटीला तेच पैसे १४-१५ टक्क्यांनी कर्जाऊ द्यावे लागतात. बँकेत नऊ-दहाने कर्ज मिळत असताना १५ टक्क्यांनी कोण घेतं? ज्याला बँक उभं करत नाही तो. तुमची ठेव त्याच्याकडे आहे.

आता करायचं काय. तुमच्या तीन पावत्या आहेत: ६ लाखांची दोन महिन्यांत संपते, ५ लाखांची आठ महिन्यांनी, ३ लाखांची चौदा महिन्यांनी. सहाची संपू द्या. पाच आणि तीन लाखांच्या आत्ताच मोडा. दोन टक्के दंड धरला तरी १६ हजार जातील, जाऊ द्यात. मुदतपूर्व रकमेचा अर्ज दोन प्रतींत लिहा, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, पैसे चेकने किंवा आरटीजीएसने बँक खात्यातच मागा. 'पुढच्या आठवड्यात या' असं दोनदा ऐकलंत तर तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर समजा, आणि जिल्ह्याच्या सहकार खात्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. सहा लाखांच्या पावतीवर आपोआप नूतनीकरणाची खूण आहे, ती आजच लेखी रद्द करा. व्यवस्थापक 'साडेअकरा देतो' म्हणेल. ज्याला तुमचे पैसे इतके हवेत, त्याच्याकडे ते ठेवू नयेत.

आलेल्या १४ लाखांतले अडीच लाख घरखर्चासाठी बँकेत वेगळे ठेवा. तुमचा धंदा कार्तिकात उघडतो आणि पावसाळ्यात बसतो, सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवाच. आठ लाख दोन वेगवेगळ्या बँकांत चार-चार, म्हणजे व्याज धरूनही पाचच्या आत राहतील. मुलीच्या शिक्षणाला दोन वर्षांनी पैसे लागणार, तेव्हा ते शेअर बाजारात नकोत. उरलेले साडेतीन पोस्टाच्या पाच वर्षांच्या सर्टिफिकेटात. तिथे दर साडेसातच्या पुढेमागे असतो आणि हमी सरकारची.

पॉलिसी. वर्षाला ६० हजार, १५ वर्षं, विमा ७ लाख, तीन हप्ते भरून झालेत. विकली कोणी? रोज तुमच्या स्टुडिओत तीनशे रुपयांची पिग्मी न्यायला येतो त्याच माणसाने. 'पैसे दीडपट' असं त्याने सांगितलं. ९ लाख भरून १५ वर्षांनी १४ लाख. दीडपट खरंच, पण वर्षाचा परतावा साडेपाच टक्क्यांच्या आत. पोस्टाच्या सर्टिफिकेटापेक्षाही कमी. आणि ७ लाखांचा विमा म्हणजे तुमच्या घराचा साडेसतरा महिन्यांचा खर्च. उद्या तुम्ही नसाल तर मुलगी अकरावी पार करेपर्यंत पैसे पुरतील. याला संरक्षण म्हणून विकणाऱ्याला काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे घेतले, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. तुमची पॉलिसी जुन्या नियमांतली, म्हणजे सरेंडरला तीन हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या किमान ३५ टक्के: १.८० लाखांचे ६३ हजार. पेड-अप केली तर सात लाखांचे तीन-पंधरांश, १.४० लाख, १२ वर्षांनी, अधिक आजवर जमा झालेला बोनस असल्यास तो. ६३ हजार सात टक्क्यांनी १२ वर्षं ठेवले तरी साधारण १.४० लाखच होतात. म्हणजे दोन्ही सारखंच. ज्याचा लेखी आकडा चांगला येईल ते करा. चौथा हप्ता मात्र भरू नका.

त्या ६० हजारांत एक कोटीचा साधा टर्म विमा बसतो. निर्व्यसनी असाल तर या वयात वीस-पंचवीस हजारांच्या घरात. आणि चौघांचा १० लाखांचा आरोग्य विमा, पंचवीस-तीस हजारांत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे तुम्ही आधी चौकशी केली असेल तर तो भाव विसरा. क्रम सांभाळा: टर्म पॉलिसी हातात आली की मगच जुनी बंद. प्रस्तावात बीपी, शुगर, तंबाखू, सगळं खरं लिहा. एजंटला फॉर्म भरू देऊ नका.

आता लेन्स, कारण तिथेही डीलरने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. एम३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ५०, ९० आणि १३५ मिमीच्याच चौकटी आहेत. ३५ ची नाही. तुम्हाला दाखवलेली समिलक्स बिनचष्म्याची आहे. ती लावली तर आत ५० च्या चौकटीसोबत १३५ ची चौकट उमटेल, जी तुमच्या काहीच कामाची नाही. मग कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत (शू) ३५ मिमीचा वेगळा फाइंडर बसवायचा, एका खिडकीतून फोकस करायचा आणि दुसरीतून चित्र जुळवायचं. अक्षता पडताना हे करून बघा. एम३ साठी लेन्सला व्ह्यूफाइंडरपुढे येणारा काचांचा चष्मा लावलेल्या आवृत्त्या निघत, त्यात ५० ची चौकटच ३५ दाखवते. त्या सहसा स्वस्त मिळतात, पण चष्म्याला धक्का लागला की रेंजफाइंडरच्या, म्हणजे फोकससाठी एकावर एक जुळवायच्या, दोन प्रतिमा वरखाली सरकतात, आणि त्या दिसतात तो मधला ठिपकाही थोडा मंद होतो.

एफ/१.४ चं आकर्षण समजतं. पण हिशेब एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, आहे. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री, दिव्यांनी उजळलेल्या गल्लीत, ४०० च्या फिल्मवर साधारण एफ/१.४ ला १/६० मिळतो. तुमच्या हातातल्या एफ/२ ला १/३०. एम३ सारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा आपटत नाही, १/३० हातात स्थिर धरता येतो. चालणारी माणसं हलतात म्हणाल तर एचपी५ प्लस ही ४०० ची फिल्म ८०० ची धरून काढा आणि जास्त वेळ डेव्हलप करा (पुश), १/६० परत आला. डेव्हलपिंगची थोडी जास्त मिनिटं विरुद्ध २.३० लाख. शिवाय त्या काळची समिलक्स पूर्ण उघडी ठेवली की प्रत्येक दिव्याभोवती प्रभा पसरते, कडेचे बल्ब पंख फुटल्यासारखे दिसतात, कॉन्ट्रास्ट उतरतो. २.८ ला ती छान होते, पण मग एफ/१.४ चे पैसे कशाला दिले? कोणाला ती प्रभाच हवी असते. नवरीच्या आईला हवी असेल का, ते आधी विचारा. फोकस एक मीटरपेक्षा जवळ जात नाही, आणि एक मीटरवर पूर्ण उघड्या लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सात सेंटीमीटर खोल. नाक स्पष्ट, कान गेले.

'भाव दहा टक्के वाढतो' हा डीलरच्या पाटीवरचा भाव. तो तुमच्याकडून परत घेताना तीस टक्के कमी देईल, म्हणजे आज १.६० लाख. तुम्हाला २.३० सुटायला पाटीवर ३.२९ यायला हवेत. दर वर्षी खरंच दहा टक्के वाढले तरी नुसत्या बरोबरीला चार वर्षं. त्यात खानापूरचा पावसाळा धरा. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर महिनोन्महिने राहिली की काचांच्या मध्ये बुरशी धरते, आणि ती कोटिंग खाते. नुसतं पुसून जात नाही. लोखंडी कपाटात, कपड्यांत, चामडी केसमध्ये ठेवलेली लेन्स दोन पावसाळ्यांत निम्म्या भावाची होते. चामडं ओल धरून ठेवतं. ४०-५० टक्क्यांवर चालणारा ड्राय कॅबिनेट हा लेन्सच्या आधीचा खर्च आहे, आणि काकांच्या कॅमेऱ्याला तो आजच लागतो.

लग्नाला 'फिल्म पॅकेज' २५ हजार जादा, हंगामात दहा लग्नं, असं तुम्ही धरलंय. मागणी किती जणांनी केली? पत्रात एकही नाव नाही. एका लग्नाला पाच रोल, तुमच्याच भावाने रोल-डेव्हलप-स्कॅन १,५०० प्रमाणे साडेसात हजार गेले. एम३ मध्ये रोल खालून झाकण काढून भरायचा असतो, ३६ वी फ्रेम मंगलाष्टकांत संपली तर पुढचं सगळं डिजिटलवरच. म्हणजे दुसरा माणूस आलाच, त्याची मजुरी वेगळी.

आधी एम३ ची सर्व्हिस करून घ्या. वर्षानुवर्षं पडून असलेल्या कॅमेऱ्याचे मंद शटर स्पीड अडकतात. एक सेकंदावर दाबा आणि कान द्या, घरघर मध्येच थांबली तर तेल सुकलंय. त्याच ५० मिमीवर दोन पॅकेज विका, आगाऊ रक्कम घेऊन. विकली गेली तर ३५ मिमीसाठी महिना पाच हजार बाजूला टाका आणि सगळं धरून ७० हजारांची मर्यादा ठेवा. जुनी स्क्रू माउंटची ३५ मिमी एफ/२, तिला एक मिलिमीटर जाडीचा एम-अडॅप्टर आणि वरचा फाइंडर. अडॅप्टरची जाडी चुकली तर अनंताचा, म्हणजे अगदी दूरचा, फोकसच बसत नाही, अगदी स्वस्तातला घेऊ नका. लेन्स घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा: धुकं, जाळी, कडेला इंद्रधनुषी डाग दिसले तर परत द्या. मग दूरच्या टॉवरवर फोकस करा. रिंग जिथे थांबते तिथेच दोन्ही प्रतिमा एक व्हायला हव्यात. एक रोल पूर्ण उघड्या ॲपर्चरवर काढून बघेपर्यंत परत घेण्याची मुदत डीलरकडून लेखी घ्या.

पिग्मी या महिन्यापासून बंद. तेच महिना नऊ हजार बँकेच्या आरडीत जाऊ देत, आणि जमलेल्या पिग्मीचं पुस्तक घेऊन स्वतः काउंटरवर जा. एजंटच्या हाती पुस्तक देऊ नका. नोंदी तुमच्या चिठ्ठ्यांशी जुळवून मगच पैसे उचला.