बाटलीवर तारीखच नाही, तर स्टिकर मारायचं का?

प्रश्न : मशीद बंदरला आमचा सुक्या मेव्याचा धंदा आहे. यंदा पहिल्यांदाच इराणहून थेट पाकीटबंद खजूर आणि खजुराचं सिरप मागवलं. न्हावा शेवाला दोन्ही अडकलं. पाकिटांवर आमचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, हिरवा ठिपका नाही. सिरपच्या बाटल्यांवर उत्पादनाची तारीखच नाही. एजंट म्हणतो, "गोदामात स्टिकर मारून टाकू." मारावं का?

उत्तर : खजुरावर मारा. सिरपला हात लावू नका.

२०१७ च्या अन्न आयात नियमांनुसार आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) बोधचिन्ह, परवाना क्रमांक आणि शाकाहारी चिन्ह इथं आल्यावरही लावता येतं. पण सगळं एकाच न निघणाऱ्या स्टिकरवर, पाकिटाच्या दर्शनी भागाशेजारी आणि माल कस्टमच्या बंधित गोदामात (ड्यूटी भरून सुटण्याआधी ठेवतात तिथं) असतानाच. तेही तपासणी अधिकाऱ्याकडून लेखी घेऊन. खजूर शीतगोदामात असेल तर पाकिटं ओलसर असतात, साधा गोंद धरत नाही. छपाईवाल्याला आधीच सांगा. बॅच नंबर झाकला गेला, तर नवं दुखणं.

तारीख मात्र या यादीत नाही. ती उत्पादकानंच टाकलेली हवी. इथं छापलीत तर आजची उणीव उद्या खोटेपणा ठरेल आणि एजंट नव्हे, तुम्ही अडकाल. शिवाय मालाच्या एकूण टिकण्याच्या मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यांतली जी कमी ती मुदत शिल्लक आहे का, हे तारखेशिवाय ठरवायचं कसं?

पण आधी स्वतः गोदामात जा. बाटलीच्या मानेवर, झाकणावर, तळाशी फिकट छापलेली तारीख दिसते का, बघा. दिसली तर फोटोंसह लगेच फेरविचाराचा अर्ज करा. त्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. नसेल तर माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा. परत पाठवायची परवानगी कस्टमकडे मागा; दंड लागू शकतो. भाडं मालापेक्षा जड होत असेल, तर कस्टम कायद्याच्या कलम २३ खाली मालावरचा हक्क सोडता येतो, मग ड्यूटी लागत नाही. मात्र गुन्ह्याचा संशय आलेल्या मालाला ही सवलत नाही. बनावट तारीख न छापण्याचं हेही एक कारण.

दोन्ही वस्तू एकाच बिल ऑफ एन्ट्रीवर (कस्टमला दिलेल्या आयातीच्या कागदावर) असतील, तर निर्णय वेगवेगळा मागा, म्हणजे सिरपपायी खजूर रखडणार नाही. कंटेनरचं भाडं चढत असेल तर कलम ४९ खाली माल सार्वजनिक गोदामात हलवायचा अर्ज करा.

राहिला पैसा. एलसी (बँकेनं विक्रेत्याला दिलेली पैशांची हमी) असेल तर बँक कागद बघते, बाटली नाही. पैसे गेलेच समजा. वसुली विक्रेत्याकडूनच. त्यासाठी जुने ईमेल काढा. लेबल भारतीय नियमांप्रमाणे हवं, असं ऑर्डरमध्ये लिहिलं असेल तर दावा पक्का. पण त्यानं लेबलचा नमुना पाठवला आणि तुम्ही नुसतं 'ओके' कळवलं असेल, तर वाटाघाटीवरच भागवावं लागेल. काहीही असो, सिरप हलवण्याआधी त्याला लेखी नोटीस द्या.